‘ओरडली का नाहीस?’

बाईवर अत्याचार झाला की घरात, चावडीवर, पोलीस ठाण्यात आणि शेवटी कोर्टात एक प्रश्न हटकून विचारला जातो. ‘ओरडली का नाहीस?’ विचारणारे बदलतात, प्रश्न बदलत नाही. सासू विचारते, सरपंच विचारतो, ठाण्यातला हवालदार विचारतो, आरोपीचा वकील तर तीन-तीनदा विचारतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती बाई स्वतःलाही रात्र-रात्र हाच प्रश्न विचारत बसते. हा प्रश्न अडाणीपणातून येतो, लोकांना समजावून सांगितलं की थांबेल, असं आपल्या चळवळीत पुष्कळजणी मानतात. मला ते पटत नाही. भीतीने माणसाचं अंग थिजतं, वाचा बसते, हे या समाजाला पक्कं ठाऊक आहे. फक्त थिजलेलं माणूस बाई असली आणि समोर पुरुष असला की समाज ते सोयीस्करपणे विसरतो.

मी शाहूवाडी तालुक्यात बायकांच्या बैठका घेते. आमचा तालुका डोंगराचा आणि पावसाचा. मलकापूर, बांबवडे अशा बाजाराच्या जागा सोडल्या तर वाड्या-वस्त्या विखुरलेल्या. वर आंबा आणि विशाळगडाचं रान, वारणेच्या अंगाला चांदोलीचं जंगल. हे जंगल २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतं. गवे भातात उतरतात, बिबट्या गोठ्यातली शेळी उचलतो. घरटी एखादा तरी पुरुष मुंबईला, त्यामुळे वैरण, सरपण, जनावरं, शेत हे सगळं बायकांच्या अंगावर. रानात गवा आडवा आल्याची गोष्ट नाही असं घर आमच्याकडे शोधावं लागेल.

या गोष्टी पारावर पुरुषही सांगतात. चांगले धट्टेकट्टे, तालमीत गेलेले गडी. ‘पाय उचलंनात’, ‘दातखीळच बसली’, ‘हातात कोयता हुता, पर हात वर जाईना’. ऐकणारे मान डोलावतात, चहा सांगतात, वाचलास बाबा म्हणतात. तू ओरडला का नाहीस, असं त्याला कुणी विचारत नाही. कोयता होता तर चालवला का नाहीस, अंगावर जखम कुठाय, इतका वेळ उभा राहिलास म्हणजे गव्याला तुझी संमती होती काय, असं कुणी म्हणत नाही. हसू नका. हेच सगळे प्रश्न मी एका बाईला विचारलेले ऐकले आहेत, ‘गवा’ हा शब्द तेवढा काढून.

त्या बाईचं गाव, वय, नातं मी सांगणार नाही. तिला ओळखीच्याच माणसाने बांधावर गाठलं. दुसऱ्या दिवशी ती आमच्या गटातल्या एकीजवळ बोलली ते असं: ‘मी दगुडच झालो बगा. हात माझंच हुतं, पर माझं न्हवतं. वरडायचं हुतं, ते हितं गळ्यातच ऱ्हायलं.’ ठाण्यातही ती हेच बोलली. कागदावर काय उतरलं? ‘सदर वेळी फिर्यादीने आरडाओरड अगर प्रतिकार केला नाही.’ बाईने सांगितलं होतं की तिला ओरडता *आलं* नाही. लिहिणाऱ्याने लिहिलं की ती ओरडली नाही. एक शब्द गळाला आणि तिच्या अंगावर बेतलेली गोष्ट तिची करणी होऊन बसली. पुढे वर्ष-दोन वर्षांनी उलटतपासणीला उभं राहायचं ते या वाक्याच्या आधाराने. मग वकील हे वाक्य झेंड्यासारखं नाचवतो यात नवल काय?

खरं तर आपल्या मराठीला या अवस्थेसाठी शब्द कमी नाहीत. हातपाय गळणं, बोबडी वळणं, दातखीळ बसणं, पाचावर धारण बसणं, गर्भगळीत होणं, थिजणं, अंगातलं वारं जाणं. घाबरलेल्या माणसाने तलवार उपसली, असं सांगणारा वाक्प्रचार मला तरी आठवत नाही. घाबरलेल्या माणसाचं बोलणं आणि हालणं बंद होतं हे आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यानपिढ्या बघितलं, म्हणून ते भाषेत उतरलं. न्यायाच्या भाषेत तेवढं ते उतरत नाही.

आता अंगात नेमकं काय होतं ते बघू. बैठकांत मी हे समजावून सांगते तेव्हा बायका फार लक्ष देऊन ऐकतात, मधेच ‘अगदी असंच’ म्हणून उठतात. मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एक भाग आहे. अमिग्डाला म्हणतात त्याला. धोक्याची चाहूल घेणं हे त्याचं एक मोठं काम. पायवाटेवर काही वळवळलं की आपण उडी मारतो आणि मग बघतो, तर दोरी. उडी आधी, ओळख मागाहून. कारण डोळ्यांकडून येणारी खबर मेंदूच्या विचार करणाऱ्या भागाकडे सावकाशीच्या वाटेने जाते आणि अमिग्डालाकडे आडवाटेने, सेकंदाच्याही अंशात पोचते. तिथून हुकूम सुटतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या ग्रंथी अॅड्रिनॅलिन सोडतात, थोड्या वेळाने कॉर्टिसॉलही. काळीज धडधडतं, श्वास वाढतो, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावतं, पोटातलं पचन थांबतं, तोंड कोरडं पडतं. हे सगळं आपल्याला विचारून होत नाही.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९१५ साली ही तयारी मांडली आणि ‘लढा किंवा पळा’ ही जोडी जगभर प्रसिद्ध झाली. शाळा-कॉलेजात आजही बहुतेक ठिकाणी एवढंच शिकवतात. म्हणजे धोका आला की माणूस लढतो नाहीतर पळतो, आणि जी बाई लढली नाही, पळालीही नाही, तिला धोका वाटलाच नसणार, असा हिशोब. पण हा हिशोब मांडला कुणावरून? २००० साली शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ताणाला शरीर कसा प्रतिसाद देतं याच्या १९९५ पूर्वीच्या अभ्यासांत स्त्रियांचं प्रमाण सुमारे १७ टक्के होतं. शंभरात त्र्याऐंशी पुरुष तपासायचे आणि नियम सगळ्या माणसांचा म्हणून लावायचा! आपल्या पंचायतीतसुद्धा याहून बऱ्या संख्येने बायका बसतात.

लढणं आणि पळणं यांच्या जोडीला तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे थिजणं. धोका दिसल्याबरोबर पहिला क्षण बहुतेक प्राण्यांचा थबकण्यात जातो. हरीण कान टवकारून उभं राहतं तसं. पण धोका अंगावर आला, धरलं गेलं, सुटायची वाट उरली नाही, की शरीर आणखी एक जुनी युक्ती काढतं. स्नायू ताठरतात, आवाज बंद होतो, अंग गार पडतं, थरथर सुटते, डोळे मिटतात किंवा एकाच जागी खिळतात, दुखणंसुद्धा कमी जाणवतं. शुद्ध असते, समोरचं कळत असतं, पण हालता येत नाही. कोंबडी धरून उताणी दाबून ठेवली की ती घटकाभर मेल्यासारखी पडून राहते, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत आहे. युरोपात आथानासियुस किर्खर नावाच्या पंडिताने १६४६ सालीच ते लिहून ठेवलं. शास्त्रात याला ‘टॉनिक इमोबिलिटी’ म्हणतात. ज्याच्या तावडीत सापडलो तो कदाचित पकड सैल करील, या आशेवर निसर्गाने ठेवलेला हा शेवटचा उपाय. ती कोंबडी राजी होती असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

माणसांत हे किती जणींना होतं? स्वीडनमध्ये स्टॉकहोमला बलात्कारित स्त्रियांसाठी खास रुग्णालय-विभाग आहे. तिथे महिन्याच्या आत आलेल्या २९८ स्त्रियांना अत्याचाराच्या वेळी अंगाचं काय झालं ते विचारण्यात आलं. २०१७ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. ७० टक्के स्त्रियांनी लक्षणीय प्रमाणात थिजल्याचं सांगितलं, ४८ टक्के जणी तर अगदी टोकाच्या थिजल्या होत्या. म्हणजे न ओरडणारी ही अपवाद नाही. ओरडू शकली, झटापट करू शकली, तीच अपवाद म्हणावी लागेल. याच अभ्यासात पुढे आढळलं की ज्या थिजल्या होत्या त्यांना सहा महिन्यांनंतर आघातानंतरचे मानसिक त्रास आणि तीव्र नैराश्य होण्याचं प्रमाण इतरजणींपेक्षा बरंच जास्त होतं. कारण उघड आहे. जिला आपलंच अंग परकं झालेलं आठवतं, तिलाच जग विचारतं, तू काही केलं का नाहीस?

इथे एक भेद मला करायचा आहे, कारण आपल्या लिखाणात तो पुष्कळदा राहतो. थिजणं ही शरीराची आपसूक क्रिया. पण कितीतरी वेळा बाई थिजलेली नसते. ती भराभर हिशोब करत असते. हा मुकादम आहे, उद्या काम देणार नाही. हा भावकीतला आहे. हा वरच्या जातीचा, माझ्या घरच्यांना गावात राहू देणार नाही. पोर शेजारीच झोपलंय, ओरडले तर उठेल. म्हणून ती गप्प राहते. हेही धोक्याला दिलेलं उत्तरच आहे. पहिलीत स्नायूंनी साथ सोडली, दुसरीत जगण्याच्या अटींनी. संमती दोन्हीत नाही.

आणि हे आपल्या महाराष्ट्राला १९७२ पासून माहीत आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी त्याच ठाण्यातले दोन पोलीस. नातेवाईक बाहेर, मुलगी आत, रात्रीची वेळ, समोर वर्दी. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं आणि वर मुलीच्या चारित्र्यावर शेरे मारले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं. भीतीपोटी निमूटपणे शरणागत होणं म्हणजे संमती नव्हे, असं या खंडपीठाचं म्हणणं होतं. मेंदूचे फोटो काढणारी यंत्रं नसतानाही त्या न्यायाधीशांना जे कळलं ते सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर १९७८ मध्ये कळलं नाही. अंगावर जखमेची खूण नाही, म्हणजे प्रतिकार केल्याचं सांगणं खोटं, म्हणजे जे झालं ते राजीखुशीने, अशी साखळी जोडून आरोपी सुटले. वर्षभराने उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. ८ मार्च १९८० ला मुंबईसह अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. आपल्यापैकी कितीतरी गटांचा जन्मच त्या संतापातून झाला.

त्यातून १९८३ ची दुरुस्ती आली. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी अत्याचार झाला आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने ते खरं धरून चालावं. मग २०१३ साली, दिल्लीच्या घटनेनंतर, कायद्यात स्पष्ट वाक्य आलं की बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमातही ते कायम आहे. म्हणजे कायदा सुधारला. कागदावर आपण जिंकलो.

पण प्रश्न मेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. आता ‘प्रतिकार का केला नाहीस’ असं थेट विचारायची पंचाईत, म्हणून ‘नंतर तू अशी कशी वागलीस’ असं विचारतात. २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका जामिनाच्या आदेशात, अत्याचारानंतर दमून झोपी जाणं आपल्याकडच्या स्त्रीला शोभत नाही, अशा अर्थाचं वाक्य आलं. बोंब झाल्यावर ते काढून टाकलं. २०२१ मध्ये शेजारच्या गोव्यात म्हापशाच्या सत्र न्यायालयाने एका गाजलेल्या खटल्याच्या निकालात तक्रारदार स्त्रीचं नंतरचं वागणं अत्याचारग्रस्त स्त्रीसारखं दिसत नाही, असं नोंदवलं. आरोपी सुटला. सुटायला हवा होता की नको, हा माझा आजचा विषय नाही. पण ‘अत्याचार झालेली बाई अशी-अशी दिसते’ हे माप कुणी ठरवलं? फोटोत हसली म्हणून? दुसऱ्या दिवशी कामावर गेली म्हणून? आमच्याकडे बाई अत्याचाराच्या दुसऱ्या दिवशी धारा काढते, भाकऱ्या थापते, चिखलात रोप लावते. तिने ते केलं नाही तर घरात चूल पेटणार नाही.

आठवणीचंही तसंच. ‘आधी काय झालं, मग काय झालं, किती वाजले होते, शर्ट कुठल्या रंगाचा?’ जबाबात जरा उलटसुलट झालं की बाई खोटी. भीतीचा लोंढा येतो तेव्हा मेंदूचा कपाळामागचा, विचार आणि क्रम लावणारा भाग दुबळा पडतो. एखादा वास, एखादा आवाज, त्याच्या हातातलं कडं कोरल्यासारखं लक्षात राहतं आणि बाकीचा काळ पुसट होतो. म्हणून ती तुकड्या-तुकड्यांत सांगते. सगळं ओळीने, घड्याळ लावून सांगितलं असतं तर म्हणाले असते, पढवून आणलंय.

गावात याच्याही पुढची तऱ्हा आहे. अत्याचारानंतर बाई दचकते, एकटक बघत बसते, थरथरते, जेवत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. मग अमावास्या-पुनवेला देवरशाकडे खेपा, अंगारा, लिंबू. अंगाने जे सांगितलं ते भुताच्या नावावर जमा होतं आणि करणारा माणूस मोकळा फिरतो. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तरी या वाटेवरची वर्दळ थांबलेली नाही. मला देवरशापेक्षा घरच्यांचा राग येतो. त्यांतल्या काहींना खरं काय घडलं ते माहीत असतं.

थोडं आपल्याही अंगणात बघू. शाळांमधून मुलींना कराटे शिकवण्याची शिबिरं जोरात आहेत. पोलीस घेतात, संस्था घेतात, फोटो छापून येतात. ‘मुलींनो, झाशीची राणी व्हा.’ मला या शिबिरांचं वावडं नाही. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. धोका लवकर ओळखणं, ओळखीच्या माणसाला ठाम नकार देणं आणि प्रतिकार करणं यांचं नीट प्रशिक्षण ज्यांना मिळालं, त्यांच्यात वर्षभरात बलात्कार झाल्याचं प्रमाण ५.२ टक्के होतं. ज्यांना नुसती माहितीपत्रकं दिली, त्यांच्यात ९.८ टक्के. तेव्हा शिकवण्याचा उपयोग होतो. पण तिथे शिकवणी होती ती मुख्यतः ओळखीच्या माणसांकडून येणाऱ्या धोक्याची, आणि ‘दोष करणाऱ्याचा, तुझा नाही’ हे सांगत-सांगत दिलेली. आपल्याकडे एका दुपारी चार लाथा आणि दोन गुद्दे शिकवतात, अंधारातून येणाऱ्या अनोळखी गुंडासाठी. काका, मास्तर, मुकादम, शेजारी यांच्याबद्दल शब्द नाही. मग तीच मुलगी उद्या थिजली तर तिच्या माथी दोन गुन्हे. एक, प्रतिकार केला नाही. दोन, शिकवूनही केला नाही. शिबिराच्या शेवटी दहा मिनिटं काढून मुलींना एवढं सांगायला काय हरकत आहे, की हातपाय चालले नाहीत तरी तुझा नकार हा नकारच असतो?

घरातल्या धोक्याबद्दल तर बोलायलाच नको. तिथे गवा रोज रात्री दारात येतो. मोटरसायकलचा आवाज ओळखून पोटात गोळा येणं, पावलांवरून आज किती प्यालाय ते कळणं, झोपेतही कान जागे असणं. धोका येऊन गेला की शरीराने शांत व्हायचं असतं. इथे शांत व्हायला उसंतच नाही, ताणाचं पाणी सतत वाहत राहतं. डोकेदुखी, पित्त, छातीत धडधड, झोप नाही, पाळीची घडी विस्कटलेली. दवाखान्यात पित्ताची गोळी मिळते, सलाईन लावून मिळतं. ‘घरात मारतो का?’ एवढं विचारायला कुणाला वेळ नाही. आणि बिछान्यावरच्या जबरदस्तीचं म्हणाल, तर बायको अठरा वर्षांवरची असली की नव्या संहितेतही तो बलात्कार धरलेला नाही. त्या बाईला ‘ओरडली का नाहीस’ असंही कुणी विचारत नाही. तिथे तिच्या संमतीचा हिशोबच मांडलेला नाही.

तेव्हा करायचं काय? मोठ्या सुधारणांच्या मागण्या आपण करतोच, त्या सोडायच्या नाहीत. पण मला वाटतं, लढाईची एक जागा आपल्या अगदी हाताशी आहे. ती म्हणजे पहिला जबाब. कायद्याने अशा तक्रारीची खबर महिला पोलीस अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते, ती वाचून दाखवायची असते आणि तिची प्रत फुकट द्यायची असते. वाचून दाखवतात तेव्हा आपण कान देऊन ऐकायचं. ‘आरडाओरड केली नाही’, ‘प्रतिकार केला नाही’ ही वाक्यं बाईच्या तोंडची नसतील तर सहीआधी बदलून घ्यायची. तिच्याच शब्दांत लिहा म्हणायचं. ‘हातपाय गळाले, आवाज फुटेना’ हे अशुद्ध नाही, तोच पुरावा आहे. दवाखान्यातही तेच. आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, जखमा नाहीत म्हणजे अत्याचार झालाच नाही असं समजू नये, हे डॉक्टरांना बजावलेलं आहे. त्या सूचनांची प्रत पर्समध्ये असू द्या, पुष्कळ डॉक्टरांनी ती बघितलेली नसते.

आमच्या तालुक्यातल्या बैठकांत आम्ही एक वही घातली आहे. भीतीने अंगाचं काय झालं ते बायका ज्या शब्दांत सांगतात, ते शब्द तसेच त्यात उतरवतो. नाव, गाव काही नाही, फक्त शब्द. ‘दगुड झालो’, ‘अंगातनं जीवच उतारला’, ‘घशात बोळा बसला’, ‘वरनं बघत हुतो, खाली दुसरीच कुणीतर पडलीय’. हे शब्द घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी पोलिसांच्या, सरकारी वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या प्रशिक्षणात बसायचं, असा आमचा विचार आहे. कोकणात, मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात बायका हे कसं सांगतात, ते तिथल्या गटांनी आपापल्या बैठकांत विचारावं आणि लिहून मासिकाकडे पाठवावं. पुढच्या अंकापर्यंत जे येईल ते एकत्र करून आम्ही सगळ्या गटांना पाठवू.